मसल कार : इंजिन डेट्रॉइटचं, पण रूप कुणाचं?

पेट्रोलभाऊ (धागाकर्ता)
साठच्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: मसल कार (साध्या गाडीत राक्षसी ताकदीचं इंजिन) म्हणजे अस्सल अमेरिकन माल, त्यात बाहेरचं काही नाही. मला हे अजिबात पटत नाही. धडधडणारं व्ही-८ इंजिन अमेरिकन, मान्य. पण रूप?

मसल कारचं युग जिच्यापासून मोजतात ती १९६४ ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ. कंपनीचा इंजिनिअर जॉन डिलोरिअन याने तिचं नावच मुळी फेरारी २५० जीटीओवरून उचललं. 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने त्याच वर्षी मुखपृष्ठावर दोन्ही जीटीओंची झुंज लावली आणि फेरारीभक्तांचा तिळपापड झाला. मस्टँग घ्या. फोर्डच्या स्टुडिओचा प्रमुख जो ओरॉस नंतर सांगत असे, की आपल्या माणसांना त्याने पुढचा भाग फेरारीसारखा हवा, मध्ये मासेरातीसारखं काहीतरी ठसठशीत हवं (फक्त त्यांच्या बिल्ल्यातला त्रिशूळ नको!) असं बजावलं होतं. आणि १९७० ची शेव्हरोले कॅमारो? ती समोरून बघा आणि मग फेरारी २५० जीटी बघा. मी आणखी काय बोलू!

लांब बॉनेट, आखूड शेपूट, फास्टबॅक (एका दमात शेपटीपर्यंत उतरणारं छत), चौकोनी जाळीची ग्रिल, गोल टेललाइट. हे सगळं अटलांटिक ओलांडून आलंय असं माझं मत. तुमचं काय? आणि एकाच गाडीकडे बोट दाखवायचं झालं तर कुठली?

बाबूराव_बंपर
पहिला! जागा धरून ठेवतो, जेवून येतो.

खवचट_खान
नाव फेरारीचं ठेवलं म्हणून गाडी इटालियन होत असेल तर आमच्या गल्लीतलं 'न्यू पॅरिस हेअर कटिंग सलून' फ्रेंच म्हणायला हवं.

गावठी_मेकॅनिक
खानसाहेबांशी सहमत. १९६४ ची जीटीओ म्हणजे स्वतंत्र गाडी नव्हतीच. पॉन्टिअ‍ॅक टेम्पेस्ट ल मॉन्स घ्यायची आणि वर सुमारे तीनशे डॉलर मोजून ऑप्शनचं पॅकेज लावून घ्यायचं, झाली जीटीओ. मालक कंपनी जनरल मोटर्सचा (जीएमचा) नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. डिलोरिअनच्या मंडळींनी ३८९ चं इंजिन 'ऑप्शन' म्हणून घुसवलं, कारण नियम मॉडेलला होता, ऑप्शनला नव्हता. विकल्या जातील पाच हजार असा अंदाज होता, गेल्या ३२,४५०.

सांगायचा मुद्दा, पत्रा सगळा टेम्पेस्टचा. चौकोनी, साधा, घरगुती. बॉनेटवरचे दोन स्कूप तेवढे वेगळे, आणि तेही बंद! हवा आत जातच नाही. यात फेरारी कुठे शोधायची?

पेट्रोलभाऊ
मेकॅनिकभाऊ, ज्या गाडीवर पॅकेज लावलं तिचंच नाव 'ल मॉन्स', म्हणजे फ्रान्समधल्या शर्यतीचं गाव. पॉन्टिअ‍ॅक ग्रां प्री, शेव्हरोले मोंझा, शेव्हरोले माँटे कार्लो, फोर्ड तोरिनो... नकाशा घेऊन बसले होते का हे लोक?

खवचट_खान
नावांची यादी वाढवून रूप बदलत नाही. पुढचा मुद्दा बोला.

डेट्रॉइटची_सून
इथे मिशिगनमध्ये दर ऑगस्टला वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. फुटपाथवर खुर्च्या टाकून लोक दिवसभर बसतात. मी गाड्यांच्याच धंद्यात आहे (सीटांचे सांगाडे, फार ग्लॅमर नाही), त्यामुळे चाकं मोजत बसायची खोड आहे.

तिथे बसलं की एक गोष्ट लगेच कळते. आपण या धाग्यात दोन वेगळ्या जाती एका दावणीला बांधतोय. जीटीओ, शेव्हेल, रोड रनर या खऱ्या मसल कार: कुटुंबाची मध्यम गाडी, दोन दारं, त्यात मोठं इंजिन. रोड रनरमध्ये तर मुद्दाम काही ठेवलेलंच नसे, बाकडा सीट आणि इंजिन. मस्टँग, कॅमारो, बाराकुडा या 'पोनी कार': वेगळं अंग, वेगळी बांधणी. युरोपचा हात शोधायचा तर दुसऱ्या जातीत शोधा. पहिल्या जातीत नाव आणि बिल्ला यापलीकडे फारसं काही नाही.

बाकी त्या बंद स्कूपबद्दल: पहिल्या मस्टँगच्या मागच्या चाकापुढे, दोन्ही कुशींवर हवा घेण्याची खोबण दिसते ना? ओरॉसला ती मागचे ब्रेक गार करायला हवी होती, युरोपातल्या रेसच्या गाड्यांसारखी. रस्त्यावरच्या गाडीत तिथे हात घालून बघा. बोट पत्र्यावर आपटतं. वर क्रोमची पट्टी, आत काही नाही.

बाबूराव_बंपर
जेवून आलो. म्हणजे युरोपची नक्कल केली पण भोक पाडायला विसरले. हे तर आपल्याकडच्या मॉडिफाइड गाड्यांसारखंच झालं.

रेघोट्या
सूनबाईंची विभागणी एकदम पटली. मी डिझाइनवाला (गाड्यांचा नाही, मिक्सर-पंख्यांचा), म्हणून थोडं रेषांबद्दल.

युरोपी स्पोर्ट्स कारचं रहस्य ग्रिलमध्ये नाही, प्रमाणात आहे. पुढच्या चाकाचा मध्य आणि डॅशबोर्ड यांच्यात किती अंतर आहे ते बघायचं. १९६१ साली जिनिव्हात जग्वार ई-टाइप आली, तिच्यात हे अंतर एवढं की ड्रायव्हर जवळजवळ मागच्या चाकावर बसतो. मस्टँग बांधली होती फोर्ड फाल्कनच्या सांगाड्यावर, आणि फाल्कन म्हणजे शिक्षकांनी घ्यावी अशी सज्जन गाडी. त्या मालावर लांब बॉनेटाचा आभास उभा करणं ही खरी कारागिरी.

तुलनेला प्लिमथ बाराकुडा घ्या. १ एप्रिल १९६४ ला, म्हणजे मस्टँगच्या दोन आठवडे आधी बाजारात आली. मागे अवाढव्य गोलाई असलेली काच, तशी त्या काळी कुणाकडे नव्हती. पण काचेच्या पुढे सगळी प्लिमथ व्हॅलिअंटच, चेहऱ्यासकट. लोकांना ती काच लावलेली व्हॅलिअंट दिसली. मस्टँग १७ एप्रिलला आली आणि पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांवर गेली. किंमत दोघींचीही परवडणारी होती. फरक प्रमाणाचा.

शिवडीकर
रेघोट्या, छान लिहिलंत, पण लांब बॉनेट ही युरोपची मिरास आहे हे मी मान्य करणार नाही. १९३० च्या आसपासच्या ड्युसेनबर्ग बघा, कॉर्ड बघा. बॉनेट संपता संपत नाही. आणि १९५६ ची कॉन्टिनेंटल मार्क टू? फोर्डच्याच घरची, लांब बॉनेट, आखूड डिकी. मस्टँगवाल्यांना जग्वारकडे बघायची गरज काय होती, मागच्या खोलीत आईच बसली होती.

माझ्या वडिलांच्या वेळी जीएमचा कारखाना आमच्या शिवडीला होता, १९२८ पासून १९५४ पर्यंत. खोक्यातून सुटे भाग यायचे, इथे शेव्हरोले जुळवायचे. त्यामुळे आमच्या घरात अमेरिकन गाडी म्हणजे परकी गाडी असं कधी वाटलंच नाही.

नानासाहेब_७२
या गाड्या लिटरला तीन-चार किलोमीटर देत असतील. इकडे पेट्रोलचे भाव काय आणि तुमचं चाललंय काय.

बाबूराव_बंपर
नाना, त्या काळी तिकडे पेट्रोल गॅलनला तीस-पस्तीस सेंट होतं. हेवा करा आणि सोडून द्या.

तुरीनकर
इटलीतून वाचतोय, शिकायला आहे इथे. तुम्ही सगळे फेरारी-जग्वारवर अडकलात. खरा रस्ता या गावातून जातो आणि तो मस्टँगच्या बराच आधीचा आहे.

क्रायस्लरचा डिझाइनप्रमुख व्हर्जिल एक्सनर १९५० नंतर आपल्या प्रदर्शनातल्या गाड्या तुरीनच्या गिया कारखान्यात करून घ्यायचा. कारण फार काव्यात्म नव्हतं: महायुद्धानंतर इथले पत्रेकारागीर स्वस्त होते. लाकडी साच्यावर हातोडीने पत्रा ठोकून अख्खी गाडी उभी करायचे, डेट्रॉइटमध्ये त्याच कामाला कितीतरी पट पैसे पडले असते. के-३१०, डेलिगन्स या गाड्या अशाच झाल्या. गंमत म्हणजे डेलिगन्सचं रूप आणि फोक्सवॅगनची कार्मान गिया शेजारी ठेवून बघा. अमेरिकन माणसाने काढलेली, इटलीत ठोकलेली रेषा जर्मन गाडीवर आली! मग आता कोणाचा प्रभाव कोणावर म्हणायचं?

नॉर्समन नावाची एक गाडी तर गियाकडून तयार होऊन अमेरिकेला निघाली ती 'आंद्रेआ दोरिया' या जहाजातून. जुलै १९५६ मध्ये जहाज बुडालं, गाडीही बुडाली. क्रायस्लरवाल्यांनी ती प्रत्यक्ष बघितलीच नाही.

पुढे १९६३ ची क्रायस्लर टर्बाइन, जेट इंजिनासारखं इंजिन असलेली, तिच्याही पन्नासेक बॉड्या इथेच हाताने केल्या आणि डेट्रॉइटला पाठवल्या. लोकांना वापरून बघायला दिल्या आणि नंतर बहुतेक सगळ्या चेपून टाकल्या.

कुंदा_ताई
बापरे! समुद्राच्या तळाशी गाडी. तुरीनकर, हा वेगळा धागा काढा बघू. मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, पण ही गोष्ट आवडली.

खवचट_खान
गोष्ट सुंदर. पण मला यातून एक मसल कार काढून दाखवा. एक्सनरच्या गाड्या प्रदर्शनात फिरल्या. रस्त्यावर क्रायस्लरने काय विकलं? १९५७ चे गगनचुंबी पंख. ते पंख काही तुरीनचे नव्हेत.

शिवडीकर
पंखांवरून आठवलं. उलटा प्रवासही लक्षात ठेवा. आपली प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याला बनायची ती, मूळची इटलीची फियाट ११००. तिच्या मागच्या मडगार्डांवर ते छोटेसे टोकदार पंख आहेत ना, ते अमेरिकन हवेचे. इटालियन गाडीला अमेरिकन पंख आणि चालवणारा आमच्या गावाकडचा टॅक्सीवाला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसलेल्या प्रत्येकाने डेट्रॉइटची फॅशन पाठीमागे बाळगली आहे.

गावठी_मेकॅनिक
पद्मिनीचा विषय निघाला म्हणजे धागा शंभरी गाठणार.

बाबूराव_बंपर
आणि कॉन्टेसा? तिला तर लोक 'भारतीय मसल कार' म्हणतात. माझ्या मामाकडे होती. अंगाने पैलवान, चढावर दमेकरी.

गावठी_मेकॅनिक
सुरुवातीच्या कॉन्टेसात इंजिन अँबेसेडरचं, दीड लिटरचं, जेमतेम पन्नास हॉर्सपॉवर. मसल फक्त पत्र्यात. नंतर १.८ चं इसुझू इंजिन आलं तेव्हा कुठे जीव आला.

रेघोट्या
अवांतर वाटेल पण नाही. कॉन्टेसा म्हणजे ब्रिटनची व्हॉक्सहॉल व्हिक्टर, १९७२ ची. व्हॉक्सहॉल तेव्हा जीएमची. मागच्या चाकावर कंबर वर उचललेली, मध्ये बारीक, म्हणजे तीच 'कोक बॉटल' रेषा. हिंदुस्तान मोटर्सने ती १९८४ मध्ये बंगालात उत्तरपाड्याला आणली. म्हणजे अमेरिकेची रेषा इंग्लंडमार्गे भारतात.

आणि इथेच माझा पेट्रोलभाऊंना विरोध आहे. मसल कारची सर्वात ओळखीची रेषा कुठली? कोक बॉटल. ती युरोपातून आलेली नाही. १९५० च्या दशकात रिचर्ड व्हिटकॉम्ब नावाच्या अमेरिकन वैमानिकी अभियंत्याने दाखवून दिलं की आवाजाच्या वेगाजवळ विमान नेताना, पंख जिथे जोडले जातात तिथे धड बारीक केलं तर हवेचा विरोध घटतो. लढाऊ विमानांना कंबर आली. मग ती कंबर गाड्यांवर आली: १९६२ ची स्टुडबेकर अव्हांती, १९६५ ची दुसऱ्या पिढीची कॉर्वेअर, १९६६ ची जीटीओ, १९६८ ची चार्जर. गाडीला या कमरेचा हवेसाठी काडीचा उपयोग नाही, पण दिसते झकास.

तुरीनकर
कॉर्वेअरचं नाव काढलंत म्हणून सांगतो. पहिली कॉर्वेअर, १९६० ची, युरोपवर तुटून पडली होती. तिच्या कमरेभोवती सगळीकडून फिरणारी जी कड होती, ती जर्मनीच्या एनएसयू प्रिन्झवर आली, तिथून सोव्हिएत झापोरोझेत्सवर गेली. उलट १९६३ मध्ये बेर्तोने या इटालियन डिझाइन कारखान्यात जुजारो या डिझाइनरने कॉर्वेअरच्या सांगाड्यावर 'तेस्तुदो' केली, पिनिनफारिनानेही आपली कॉर्वेअर कूपे केली. दोन्ही बाजूंनी येजा चालू होती. एका दिशेचा बाण काढणं अवघड आहे.

पेट्रोलभाऊ
रेघोट्या, कोक बॉटल तुम्हाला दिली, घरी घेऊन जा. पण जीएमचा बिल मिचेल? १९५८ पासून १९७७ पर्यंत जीएमचं सगळं रूप त्याच्या हाताखाली. १९६३ ची ब्यूक रिव्हिएरा त्याला कशी सुचली हे तो स्वतः सांगायचा: लंडनच्या धुक्यात एक रोल्स-रॉइस दिसली, धारदार कडांची. त्याने आपल्या लोकांना सांगितलं, हे घ्या आणि खाली फेरारी बसवा. कॉर्व्हेट स्टिंग रेच्या मुळाशी त्याने तुरीनच्या मोटर शोमध्ये बघितलेल्या इटालियन रेसगाड्या आहेत, आणि त्या मागच्या दुभंगलेल्या काचेमागे बुगाट्टी अटलांटिकचा कणा. झोरा आर्कस-डुंटॉव्ह त्या काचेवर भडकला होता, कारण मागचं काही दिसायचं नाही. १९६४ मध्ये काढलीच ती पट्टी.

गावठी_मेकॅनिक
डुंटॉव्ह म्हणजे कॉर्व्हेटचा इंजिनिअर ना? तो तर स्वतःच ब्रसेल्सला जन्मलेला, रशियन आई-वडिलांचा, ल मॉन्सला पोर्शे चालवलेला. अमेरिकेच्या सर्वात अमेरिकन गाडीचा बाप म्हणवला जाणारा माणूस जन्माने अमेरिकन नाही!

खवचट_खान
रिव्हिएरा, कॉर्व्हेट... मसल कार कधी येणार?

डेट्रॉइटची_सून
खान, तुम्ही न्यायाधीश म्हणून चांगले शोभाल. घ्या, एक अस्सल मसल कार: डॉज चार्जर, १९६८. मागची काच आत खोल बसवलेली आणि दोन्ही बाजूंनी छताच्या उतरत्या भिंती मागेपर्यंत आलेल्या. साठच्या दशकातल्या मधल्या इंजिनाच्या इटालियन गाड्यांत, फेरारी २५० एलएममध्ये, दिनोत, हीच तऱ्हा आहे. डाव्या बाजूला वर उघडं, रेसच्या गाडीसारखं पेट्रोलचं झाकण. हेही युरोपी रेसच्या मैदानातलं.

आता गंमत बघा. फेरारीत त्या भिंतींच्या मध्ये इंजिन होतं, म्हणून तशी रचना. चार्जरमध्ये इंजिन पुढे, मागे नुसती डिकी. नॅसकार या अमेरिकन शर्यतींच्या अंडाकृती ट्रॅकवर ताशी दोनशे मैलांच्या जवळ गेल्यावर त्या खोबणीत हवा भोवंडायची आणि गाडी मागून हलकी व्हायची. म्हणून १९६९ मध्ये चार्जर ५०० काढली, मागची काच पातळीत आणून. तेवढ्यानेही भागेना म्हणून पुढे चोचीची आणि पाठीवर उंच पंख असलेली चार्जर डेटोना. युरोपचं रूप घेतलं, त्यामागचं काम घेतलं नाही, आणि ते निस्तरायला डॉजला दोन गाड्या काढाव्या लागल्या.

गावठी_मेकॅनिक
दंडवत ताई. हा प्रतिसाद वाचनखुणेत टाकला.

खवचट_खान
हं. हे मान्य.

बाबूराव_बंपर
खानसाहेबांनी 'मान्य' म्हटलं! स्क्रीनशॉट काढून ठेवा रे कुणीतरी.

पेट्रोलभाऊ
ज्यांनी काम समजून घेऊन रूप केलं त्यांचंही सांगतो. शेल्बी कोब्रा म्हणजे इंग्लंडच्या एसी एसची बॉडी, आणि ती एस स्वतः फेरारी १६६ बार्केटाच्या वळणाची. त्यात फोर्डचं व्ही-८. या उघड्या गाडीला ल मॉन्सच्या लांब सरळ रस्त्यावर हवा रोखायची. पीट ब्रॉक या तरुण डिझाइनरने बंद कूपे काढली, मागून सपाट कापलेली. हा मागून कापण्याचा विचार वुनिबाल्ड काम या जर्मन प्राध्यापकाचा. शेल्बीच्या या 'डेटोना कूपे' (डॉजच्या डेटोनाशी संबंध नाही) सहा झाल्या, पहिली कॅलिफोर्नियात आणि उरलेल्या पाचांच्या बॉड्या चक्क मोदेनात, फेरारीच्या दाराशी! त्यांनीच १९६५ मध्ये जीटी गटाचं जागतिक अजिंक्यपद फेरारीकडून हिसकावलं.

तुरीनकर
मोदेनातल्या कारागिरांना फेरारीला हरवणारी गाडी ठोकताना काय वाटलं असेल?

शिवडीकर
पगार वेळेवर मिळाला असेल तर काही वाटलं नसेल.

नानासाहेब_७२
वाचतोय. पण मायलेजचं कुणीच बोलत नाही.

रेघोट्या
नाना, बोलतो. १९७४ ची मस्टँग टू. तेलाच्या संकटाच्या तोंडावर आलेली, छोटी, चार सिलिंडरचीही मिळायची. फोर्डने मधल्या काळात गिया कंपनी ताब्यात घेतली होती. मग मस्टँग टूमध्ये 'गिया' नावाचा महागडा प्रकार आला: वर विनाइलचं छत, आत मऊ गाद्या. ज्या गियाने टर्बाइनच्या बॉड्या हाताने ठोकल्या तिचं नाव विनाइलच्या छताखाली आलं. मला विचाराल तर युरोपी प्रभावाचा सर्वात वाईट नमुना हा, कारण इथे रूपही नाही, कामही नाही.

कुंदा_ताई
नावाचं असंच होतं हो सगळीकडे.

खवचट_खान
आता कॅमारोवर या. पेट्रोलभाऊंनी 'मी आणखी काय बोलू' म्हणून सोडून दिलं. मला १९७० ची कॅमारो म्हणजे थोराड अमेरिकन कूपे दिसते, फेरारीपेक्षा कितीतरी रुंद आणि जड. कोणी समजावेल का?

डेट्रॉइटची_सून
मी प्रयत्न करते, कारण गेल्या मेळ्यात एकीच्या शेजारीच आमची खुर्ची होती आणि मालक गप्पिष्ट आजोबा निघाले.

१९६७ ची पहिली कॅमारो मस्टँगला घाईघाईत दिलेलं उत्तर होती. रुंद ग्रिल पार दिव्यांपर्यंत, दाराच्या मागे छोटी काच, म्हणजे आखूड केलेली अमेरिकन गाडीच. फेब्रुवारी १९७० ला आलेल्या दुसऱ्या पिढीत त्यांनी काय काय काढून टाकलं ते बघा. मागची छोटी काच गेली: एकच लांब दार आणि त्यामागे थेट छताचा खांब. कडेचं क्रोम जवळजवळ गेलं. छप्पर एका दमात मागे उतरतं. आरएस प्रकारात पुढचा बंपरही मधून गायब, ग्रिलच्या दोन्ही बाजूंना छोटे छोटे दोन तुकडे, मध्ये चौकोनी जाळीचं तोंड पुढे आलेलं, बाजूला एकेकच मोठा गोल दिवा आणि त्याच्या आतल्या बाजूला, ग्रिलकडे, गोल पार्किंग लाइट. मागे चार गोल दिवे, मधे रिकामा पत्रा.

मी आजोबांच्या परवानगीने दारावरून हात फिरवला. पुढच्या मडगार्डावरून निघालेली कड दारापर्यंत येते आणि हळूहळू पत्र्यातच विरून जाते, मागच्या चाकावर दुसरी सुरू होते. डेट्रॉइटच्या सवयीने तिथे एक चकचकीत पट्टी ठोकली असती. इथे पट्टी नाही, नुसता पत्रा वळलाय. फेरारी २५० जीटीच्या लुसोचा फोटो समोर ठेवा, हेच दिसेल. आकार मोठा, वजन जास्त, दार एवढं जड की पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीची भीती वाटते. खान, तुमचं 'थोराड' शंभर टक्के खरं. पण काय लावलं यापेक्षा काय काढलं हे बघितलं तर इटली दिसते.

पेट्रोलभाऊ
माझ्या मूळ पोस्टपेक्षा हे फार बरं लिहिलंत. मग मतदान घेऊ या. माझं मत कॅमारो १९७०.

रेघोट्या
पहिली मस्टँग. फाल्कनच्या सांगाड्यावर ते प्रमाण साधलं म्हणून.

गावठी_मेकॅनिक
मर्क्युरी कूगर एक्सआर-७, १९६७. बाहेरून सोडा, आत बसून बघा: कातडी सीट, लाकडासारखा डॅश, काळ्या तबकड्यांचे मीटर, खटके रांगेत. इंग्रजी गाडीची हुबेहूब नक्कल, किंमत मात्र मस्टँगच्या जरा वर. अशी गाडी एकदा तरी उघडायला मिळावी.

शिवडीकर
माझं मत कुणालाच नाही. मार्क टू.

तुरीनकर
मी एएमएक्स/३ म्हणतो. एएमसीसारखी (अमेरिकन मोटर्स) धडपडणारी अमेरिकन कंपनी, डिक टीगचं रूप, इटलीत बित्सारिनीकडून बांधणी, मधोमध एएमसीचं ३९० चं व्ही-८. १९७० मध्ये दाखवली, मोजक्याच झाल्या आणि प्रकल्प गुंडाळला.

खवचट_खान
बाजारात न आलेल्या गाडीला मत देता येत नाही. नियम वाचा.

तुरीनकर
नियम कुठे आहेत?

खवचट_खान
आत्ताच केला. पॉन्टिअ‍ॅकच्या मॉडेलला होता, ऑप्शनला नव्हता, तसा नाही. माझा सगळ्याला आहे.

बाबूराव_बंपर
कॉन्टेसाला एक मत. मामाच्या वतीने.

नानासाहेब_७२
मस्टँग टू. चार सिलिंडरची.